लुटुपुटूचं विमान

मराठी भाषेत ‘लुटुपुटू’ हा एक फार उपयोगी शब्द आहे. लुटुपुटूची लढाई, लुटुपुटूचं भांडण, लुटुपुटूचा स्वयंपाक. ‘खोटं’ म्हटलं की त्यात फसवणूक येते, ‘नाटक’ म्हटलं की तिकीट येतं, पण ‘लुटुपुटू’ म्हटलं की सगळं माफ. भातुकलीतला भात खाऊन कुणाचं पोट भरत नाही, हे भातुकली खेळणाऱ्या पोरींना पक्कं ठाऊक असतं. तरीसुद्धा ‘अगंबाई, मीठ राहिलंच की!’ असं म्हणून त्या भातावर लुटुपुटूचं मीठ भुरभुरवल्याशिवाय त्या पाहुण्यांना पानावर बसू देत नाहीत. हे मीठ घालणं फार महत्त्वाचं आहे. खरं म्हणजे माझा आजचा विषय ते मीठच आहे.

कारण सांगायची गोष्ट अशी, की माझ्या मालकीचं एक खाजगी जेट विमान आहे.

दचकू नका. मी अजूनही कोथिंबिरीची जुडी घासाघीस करूनच घेतो आणि रिक्षावाल्याकडून सुटे पैसे मोजून परत घेतो. विमान आहे ते आमच्या मागच्या खोलीत, कपाट आणि शिवणयंत्र यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. म्हणजे तिथल्या संगणकात. संगणकावर विमान चालवण्याचा जो एक मोठा खेळ असतो, ज्याला फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात, त्यात काही विमानं मुळातच दिलेली असतात. ती फार भोळी वाटायला लागली की वेगळे पैसे मोजून आणखी एखादं अवघड विमान आणता येतं. त्याला म्हणतात ॲड-ऑन. खाणावळीत ताटाबरोबर यायचं ते येतं, पण श्रीखंडाची वाटी हवी असेल तर तिचे पैसे निराळे, तशातला प्रकार. माझी श्रीखंडाची वाटी म्हणजे लिअरजेट ३५ए. शेपटीशी दोन इंजिनं, पंखांच्या दोन्ही टोकांना केळफुलासारख्या इंधनाच्या टाक्या आणि ४५,००० फुटांपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टच्या दीडपटीहून जरा अधिकच उंचीवर जायची ताकद. किंमत विचाराल, तर चौघांना बऱ्या हॉटेलात जेवू घालण्याइतकी. पार्किंग फुकट.

ही बातमी सोसायटीत पसरल्यावर शेजारचे एक निवृत्त ओव्हरसीअर मुद्दाम पाहायला आले. पाच मिनिटं ते पडद्याकडे बघत उभे राहिले आणि मग म्हणाले, “साहेब, मागं बसायची सोय नाही का? गुबगुबीत खुर्ची, हातात सरबताचा पेला वगैरे?”

माणूस ओव्हरसीअर असला तरी नेमकं बोलला. खऱ्या खाजगी जेटचा मालक कधी पुढं बसत नाही. तो मागं पाय पसरून बसतो आणि पुढं दोन पगारी माणसं घाम पुसत बटणं दाबत असतात. मी मात्र पैसे मोजून नेमकी पगारी माणसाची खुर्ची विकत घेतली आहे. ३४ वर्षं हिशेबखात्यात नोकरी केली, निवृत्त झालो, हौसेनं जेट घेतलं आणि बघतो तर पुन्हा नोकरीच! शिवाय बिनपगारी.

आणि नोकरी तरी कसली! या ॲड-ऑनच्या कर्त्यांनी त्यात मीठ घालायचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. आधी बॅटरीचं बटण. मग इन्व्हर्टर. मग इंधनाचे पंप. मग एक इंजिन, मग दुसरं. मग केबिनच्या हवेचं बटण, प्राणवायूचा दाब, दिवे, फ्लॅप, स्पॉयलर. लोहगावच्या धावपट्टीवर नुसतं उभं राहीपर्यंत आमच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या होतात. आता ज्या विमानाचं चाकदेखील खरं नाही, त्यातल्या प्राणवायूचा दाब तपासायचा कशाला? हा प्रश्न आमच्या हिनंही विचारला. मी जमाखर्चातला माणूस. नोंद दिसली की पावती शोधायची, ही जुनी खोड. तेव्हा एकेका बटणाची पावती शोधत मागं मागं गेलो, तो थेट एका पिंपापाशी पोचलो.

१९१०च्या सुमाराची गोष्ट. फ्रान्समध्ये मूर्मेलों इथं आंत्वानेत नावाच्या विमानकंपनीची वैमानिकशाळा होती. विमान हवेत नेऊन शिकवावं, तर पहिल्याच धड्याला विमान आणि विद्यार्थी दोन्ही खर्ची पडण्याची भीती. तेव्हा त्या लोकांनी एक लाकडी पिंप घेतलं, त्याचे दोन अर्धे तुकडे केले, ते डुलतील असे एकावर एक बसवले आणि त्यावर विद्यार्थ्याला चढवलं. त्याच्या दोन हातांत दोन चाकं दिली आणि समोर एक आडवी दांडी. बाहेरून मदतनिसांनी ते पिंप हातांनी हलवायचं आणि वरच्या शूरवीरानं चाकं फिरवून ती दांडी क्षितिजाशी जुळती ठेवायची. झालं विमान! आपल्याकडे गणपतीच्या हलत्या देखाव्यात पडद्यामागं बसून राक्षसाचा हात ओढणारी पोरं असतात ना, तसेच हे मदतनीस. जगातल्या सगळ्या सिम्युलेटरांचे ते मूळपुरुष. इतिहासानं त्यांची नावं काही राखली नाहीत, पण पिंपाचा फोटो मात्र आहे.

पिंपानंतरचा मोठा पुरुष म्हणजे एडविन लिंक. आणि इथं मराठी वाचकाला जरा घरच्यासारखं वाटेल, कारण हा माणूस पेटीवाल्यांच्या घरातला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे. तिथं त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्याकडे संगीत नाटकात ऑर्गनचा सूर घुमल्याशिवाय नांदी रंगत नसे. तिकडे मूकपटांच्या थिएटरांत ऑर्गन वाजत असे. धाकट्या लिंकला विमानाचं वेड होतं, पण शिकवणी फार महाग. १९२०च्या सुमारास तो पहिल्यांदा शिकायला गेला, तेव्हा पैसे देऊनही विमानाच्या दांड्याला हात म्हणून लावायला मिळाला नाही. मध्यमवर्गीय माणसाला अशा वेळी जे सुचतं तेच त्याला सुचलं : घरात काय सामान पडलंय ते बघू या.

घरात पडले होते ऑर्गनचे भाते. त्यानं ते भाते, झडपा आणि हवेच्या नळ्या घेतल्या, लाकडाचं एक ठेंगणं विमान बनवलं, त्याला आखूड पंख लावले आणि खाली भाते बसवले. आत बसलेल्यानं दांडा डावीकडे ढकलला की एका भात्यातली हवा कमी व्हायची, दुसऱ्यातली वाढायची आणि विमान डावीकडे कलायचं. ज्या भात्यातून सूर निघायचा त्यातून वळण निघालं, एवढाच फरक. १९२९ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. त्या अर्जातलं या यंत्राचं वर्णन मोठं मजेदार आहे : शिकाऊ वैमानिकांसाठी शिक्षणाचं आणि करमणुकीचं जोडसाधन. ‘आणि करमणुकीचं’ हे शब्द दूरदृष्टीचे ठरले, कारण वैमानिकशाळांनी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. यंत्र विकत घेतलं ते जत्रेवाल्यांनी. लोकांनी नाणं टाकावं, दोन मिनिटं डुलावं, बायकामुलांनी टाळ्या पिटाव्यात आणि पुढं भजी खायला जावं. म्हणजे तिकडे जे काय खात असतील ते.

लिंकचं यंत्र जत्रेतून बाहेर पडलं ते मात्र टाळ्यांमुळे नव्हे. त्यासाठी माणसं मरावी लागली.

फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी विमानानं टपाल नेण्याचे खाजगी कंपन्यांचे करार रद्द केले आणि ते काम लष्कराच्या हवाई दलावर सोपवलं. लष्कराचे वैमानिक धाडसी होते, यात शंका नाही. पण त्यांची सवय दिवसाउजेडी, खाली बघत उडायची. टपालाला ऊन-पाऊस कळत नाही. भर हिवाळ्यात, रात्री, धुक्यातून आणि बर्फातून टपालाच्या थैल्या घेऊन ते निघाले, आणि थोड्याच महिन्यांत बारा वैमानिक मरण पावले. बारा घरी तारा गेल्या. सगळ्या देशात हाहाकार उडाला.

ढगात शिरल्यावर धाडस का उपयोगी पडत नाही, ते समजायला फुगडी खेळून पाहावी. भराभरा दहा गिरक्या घ्या आणि गपकन थांबा. तुम्ही थांबता, पण घर फिरतच राहतं. आपल्या कानाच्या आत जो द्रव असतो तो थांबलेला नसतो, आणि तो मेंदूला छातीठोकपणे सांगतो की आपण अजून फिरतोय. उलट, बराच वेळ एकाच संथ गतीनं वळत राहिलं की तोच कान सांगतो, आपण अगदी सरळ चाललोय. जमीन दिसत असते तेव्हा डोळे कानाला गप्प बसवतात. ढगात डोळ्यांना काहीच दिसत नाही, कानाचं राज्य सुरू होतं आणि धडधाकट वैमानिक आपण सरळ आहोत अशा खात्रीनं विमान गोल गोल जमिनीकडे नेतो. यावर उपाय एकच : कानाचं न ऐकता समोरच्या घड्याळांसारख्या यंत्रांवर विश्वास ठेवणं. सांगायला सोपं, पण स्वतःच्या शरीरावर अविश्वास दाखवायची सवय लागावी कशी? ढगात जाऊन शिकावं, तर धडा चुकला की शाळा संपली.

आणि हे शिकवणारं यंत्र तिकडे जत्रेत नाणी गिळत उभं होतं.

लष्कराचे अधिकारी नेवार्कच्या विमानतळावर लिंकची वाट पाहत होते, त्या दिवसाची एक गोष्ट नेहमी सांगतात. दाट धुकं होतं. आज काही हा येत नाही, असं म्हणून मंडळी निघायच्या बेतात होती. तेवढ्यात धुक्यातून घरघर ऐकू आली आणि लिंक आपलं विमान घेऊन सुखरूप उतरला. तो यंत्रांवर बघूनच आला होता. त्याला वेगळं भाषण करावं लागलं नाही. जून १९३४ मध्ये लष्करानं त्याची सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरला.

पुढं दुसरं महायुद्ध आलं आणि या यंत्राचं नशीब फळफळलं. निळ्या रंगाची पेटी, पिवळे आखूड पंख. ‘ब्लू बॉक्स’ असंच त्याचं नाव पडलं. वरचं झाकण लावलं की आत काळोख, समोर नुसती यंत्रं. बाहेर टेबलाशी शिक्षक बसलेला. त्याच्या टेबलावर नकाशा पसरलेला आणि त्या नकाशावर तीन चाकांचं एक चिमुकलं यंत्र आतल्या विद्यार्थ्याचा मार्ग शाईनं आखत चाललेलं. त्याला म्हणत खेकडा. विद्यार्थी आत घामाघूम होऊन ‘उतरलो एकदाचा’ म्हणत झाकण उघडायचा आणि खेकड्यानं त्याला भलत्याच गावी, नदीच्या मधोमध उतरवलेलं असायचं. नदीत पडूनही त्याचे कपडे कोरडे असत, ही या शिक्षणाची खरी किंमत. युद्धाच्या काळात अशी १०,००० हून अधिक यंत्रं तयार झाली आणि सुमारे ५ लाख वैमानिक त्यांत बसून शिकले. पेटीच्या भात्यांनी किती आयांची पोरं घरी परत आणली, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

इतकं झाल्यावर जगाला लुटुपुटूची किंमत कळली असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ढग यंत्रावर शिकवता येतो, इंजिन बंद पडणं मात्र खऱ्या विमानातच शिकवलं पाहिजे, अशी समजूत पुढं कितीतरी वर्षं होती. म्हणजे खरं विमान हवेत न्यायचं, चालू असलेल्या इंजिनाचा जोर मुद्दाम काढून घ्यायचा आणि शिकणाऱ्याला म्हणायचं, ‘समज की हे बंद पडलं.’ आता या ‘समज की’मध्ये सगळी गोम आहे. भातुकलीत ‘समज की ही चूल पेटली’ म्हणतात ते ठीक, पण इथं चूल खरीच पेटलेली असते!

याचा चटका माझ्या लिअरजेटच्या पूर्वजालाही बसला. बिल लिअर हे एक अजब प्रस्थ होतं. १९०२ साली जन्म, शाळा आठवीपर्यंत. मोटारीत बसणारा रेडिओ लोकांपर्यंत पोचवण्यात त्याचा हात. विमान आपोआप चालवणाऱ्या ऑटोपायलटबद्दल अमेरिकेतला मानाचा कॉलियर पुरस्कार त्याला मिळालेला. पोरीचं नाव त्यानं शांडा ठेवलं, म्हणजे पूर्ण नाव घेतलं की ‘झुंबर’ या अर्थाचा इंग्रजी शब्द ऐकू यावा. अशा माणसाच्या डोक्यात आलं, की कारखानदारांसाठी एक लहानसं जेट काढू या. स्वित्झर्लंडमध्ये एका लढाऊ विमानाचा बेत सरकारनं सोडून दिला होता. त्याच्या पंखांचा आधार घेऊन लिअरनं आपलं विमान आखलं आणि अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी कारखाना थाटला. ७ ऑक्टोबर १९६३ रोजी लिअरजेट २३ पहिल्यांदा उडालं. आत उभं राहता येत नाही, अशी लोकांनी तक्रार केली, तर लिअर म्हणे विचारायचा, ‘तुमच्या कॅडिलॅक मोटारीत तरी कुठं उभं राहता येतं?’ आमच्या एसटीत उभं राहता येतं, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

जून १९६४ मध्ये सरकारी खात्याचा वैमानिक या पहिल्या विमानाची परीक्षा घेत होता. उड्डाण करताना एक इंजिन बंद पडलं, असं समजायचं होतं. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे विमान उतरल्यावर त्याची उचल मोडण्यासाठी वर येणाऱ्या फळ्या, त्या वेळी उघड्याच राहिल्या. एका बाजूनं जोर काढून घेतलेला, दुसऱ्या बाजूनं उचल मोडलेली. विमान शेतात जाऊन पडलं आणि जळून गेलं. दैव बलवत्तर म्हणून आतले दोघं बाहेर पडले. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. लिअरनं दुसरं विमान पुढं केलं आणि ३१ जुलै १९६४ रोजी परवाना मिळवला.

इथं दोघं वाचले. ३० मार्च १९६७ रोजी न्यू ऑर्लिन्सजवळ कुणी वाचलं नाही. एका मोठ्या विमानकंपनीचं चार इंजिनांचं डीसी-८ विमान मध्यरात्रीनंतरच्या अंधारात शिकवणीसाठी उडालं होतं. दोन इंजिनं बंद पडली आहेत ‘असं समजून’ उतरायचा सराव चालला होता. विमान वस्तीत कोसळलं आणि एका मोटेलवर जाऊन आदळलं. विमानातले सहा आणि जमिनीवरचे तेरा, अशी १९ माणसं गेली. त्या मोटेलात सहलीला आलेल्या शाळकरी मुली झोपल्या होत्या. कुणाच्या तरी शिकवणीचा तास चालू आहे, हे त्यांना माहीतही नव्हतं.

हे वाचल्यापासून ‘काय पोरखेळ चाललाय’ असं कुणी म्हटलं, की मला उलट विचारावंसं वाटतं : पोरखेळ कुठला? खऱ्या विमानात बसून ‘समज की इंजिन बंद पडलं’ म्हणायचं हा, की टेबलाशी बसून बंद पडलेलं इंजिन पुन्हा पुन्हा हाताळायचं हा? शहाणपण हळूहळू येतं. १९८० साली अमेरिकेच्या विमानखात्यानं एक योजना मान्य केली, आणि पुरेशा चांगल्या सिम्युलेटरवर टप्प्याटप्प्यानं जवळजवळ सगळं शिक्षण पुरं करायला मुभा मिळाली. आता तर अशी सोय आहे, की आधी दुसरी विमानं चालवलेला वैमानिक नवं विमान सिम्युलेटरवर शिकतो आणि त्या जातीचं खरं विमान पहिल्यांदा उडवतो ते थेट प्रवासी बसलेले असताना. शेजारी जाणता कॅप्टन असतो, काळजी नको. तरी परदेशी नातवाला भेटायला निघताना ही माहिती घरात काढू नये.

योगायोग असा, की नेमक्या त्याच सुमाराला हे यंत्र माणसांच्या घरात शिरत होतं. ब्रूस आर्टविक नावाच्या तरुणानं १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात संगणकाच्या पडद्यावर उड्डाणाचं चित्र काढण्याविषयी प्रबंध लिहिला होता. आपल्याकडे प्रबंध लिहून झाला की तो माळ्यावर जातो. यानं त्यातून कंपनी काढली. १९८० च्या सुमारास ॲपल दोन या संगणकासाठी त्यानं आपला फ्लाइट सिम्युलेटर आणला. तो गाण्याच्या कॅसेटवर मिळे आणि १६ किलोबाइटांत मावे. आज फोनवर येणाऱ्या सुप्रभातच्या एका फुलालासुद्धा त्याहून जास्त जागा लागते. काही रेघा म्हणजे जमीन, काही रेघा म्हणजे डोंगर. बाकीचं मीठ ज्याचं त्यानं घालायचं.

१९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आयबीएमच्या संगणकासाठी तो घेतला आणि एक गंमत झाली. आयबीएमसारखे संगणक इतर कंपन्याही काढायला लागल्या होत्या. ते हुबेहूब तसेच चालतात का, हे पारखायला लोक दोन प्रोग्राम लावून बघत : एक लोटस १-२-३ हा हिशेबाचा आणि दुसरा हा विमानाचा. म्हणजे ज्या यंत्रावर कचेऱ्यांचे जमाखर्च व्हायचे, ते आधी आकाशात उडून दाखवत असे! हिशेबखात्यात उगाच आयुष्य काढलं नाही, असं मला हे वाचून वाटलं. १९८८ च्या आवृत्तीत त्या खेळात पहिलं जेट आलं, आणि ते होतं लिअरजेटच. पुढं हौशी लोक स्वतः विमानं घडवून एकमेकांना देऊ लागले, मग काहीजण ती विकू लागले, आणि त्याच वंशात आमच्या मागच्या खोलीतलं रत्न जन्माला आलं.

आता त्या प्राणवायूच्या बटणाची पावती. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोहून एक लिअरजेट ३५ डल्लासला निघालं. आत पेन स्टुअर्ट हा नामांकित गोल्फपटू, त्याच्याबरोबर आणखी तिघं आणि दोन वैमानिक. थोड्याच वेळात विमानातून उत्तर येईना. हवाई दलाची लढाऊ विमानं जवळ जाऊन आली, तर लिअरजेटच्या काचांवर आतून बर्फ साचलेलं. केबिनमधला हवेचा दाब गेला होता. इतक्या उंचीवर प्राणवायूवाचून माणूस शुद्धीवर राहतो तो अक्षरशः काही सेकंद. आतली सगळी माणसं गप्प, आणि विमान मात्र ऑटोपायलटवर जवळजवळ चार तास सरळ चाललं होतं. इंधन संपल्यावर ते साउथ डकोटातल्या एका माळावर पडलं. दाब का गेला, हे चौकशीतही पक्कं ठरलं नाही.

म्हणून माझ्या पडद्यावर ‘प्राणवायू’ ही ओळ येते तेव्हा मी नीट बघून खूण करतो. ‘स्पॉयलर बंद’ ही ओळ आली की विचिटाचं ते शेत आठवतं. विमानाची यादी म्हणजे मला आता आमच्या जुन्या खतावणीसारखी वाटते : प्रत्येक नोंदीमागं कुणीतरी भरलेली रक्कम आहे. मी लोहगावहून उडतो, डावीकडे सिंहगडाचा टिळा सोडतो आणि सह्याद्री ओलांडून कोकणाकडे जातो. आकाश निळं, इंजिनं एका सुरात. एवढ्यात आतून हाक येते, “अहो, उतरलात का? पोळ्या गार होतायत!” आता ३५,००० फुटांवरून पोळीपर्यंत यायला किमान वीस मिनिटं लागतात, हे मी तिला समजावून सांगितलेलं आहे. तिनंही ते मनावर घेतलंय. हल्ली ती तवा ठेवायच्या आधीच हाक मारते.

दरम्यान खऱ्या जगात बरीच पडझड झाली. या खेळातलं जुनं माहेरघर म्हणजे शिकागोचं मिग्ज फील्ड, सरोवराच्या काठावरचा चिमुकला विमानतळ. कितीतरी वर्षं खेळ सुरू केला की विमान तिथंच उभं असायचं. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांच्या हुकमावरून बुलडोझर आले आणि धावपट्टीवर भल्यामोठ्या फुल्या खणून गेले. सकाळी बघतात तर १६ विमानं अडकलेली! तिथं आता बाग आहे. २००९ साली मायक्रोसॉफ्टनं हा खेळ करणारी आपली शाखाच बंद केली. तो पुन्हा नव्या रूपात आला तो २०२० मध्ये. आणि मार्च २०२२ मध्ये शेवटचं लिअरजेट गिऱ्हाइकाच्या हवाली करून त्या कारखान्यानं नवी लिअरजेटं काढणं थांबवलं. खरा विमानतळ बागेखाली गेला, नवं लिअरजेट कुणाला कितीही पैसे टाकून मिळायचं नाही. पण कुणाच्या तरी घरी जुन्या तबकडीवरच्या मिग्ज फील्डवर आज संध्याकाळीही कुणी उतरेल, आणि आमच्या कपाटाशेजारी दोन इंजिनं सुरू होतील.

तेव्हा तुमच्याही ओळखीत एखादा पोक्त गृहस्थ मागच्या खोलीत, बनियनवर, खोटी दांडी धरून पडद्याकडे टक लावून बसलेला आढळला, तर हसायचं असेल तर जरूर हसा. फक्त जाता जाता दारातून एवढं विचारा, “स्पॉयलर बंद केलेत ना?”